उपयोग : बसणे

निझवाच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी
हैल नावाच्या वस्तीत सबला बांधायची होती.
मस्कतच्या ऑफिसात कागद माझ्या टेबलावर आला
तेव्हा मी आधी त्या शब्दाला मराठी शोधत बसले.
चावडी म्हणावं, तर पाटलाचं खाकरणं ऐकू येतं,
सारा, पंचनामा, शाईतला अंगठा.
पार म्हणावं, तर भिंती नाहीत.
धर्मशाळेत गावातलं कुणी बसत नाही.
कंटाळून लिहिलं : बहुउद्देशीय सभागृह,
आणि पश्चिमेला काच घातली, अख्खी भिंतभर.

खलफान बिन नासेरनी नकाशा जमिनीवर पसरला,
कोपरे उडू नयेत म्हणून चार खजूर ठेवले.
काचेवर बोट टेकवून म्हणाले,
इथे काय रोट्या भाजायच्यात?
मग उठले. चपला काढल्या.
जुन्या सबलेची एकच भिंत उभी होती,
तिच्या सावलीच्या काठाकाठाने अनवाणी चालत गेले.
चारला इथे.
पाचला इथे.
मगरिबच्या अजानेआधी घाफच्या बुंध्याला.
मी मागून खडूने खुणा करत होते,
पाच वर्षांच्या कॉलेजात
सूर्य कुणी असा पावलांनी मोजून दिला नव्हता.

काच गेली.
फलज, म्हणजे आपला पाटच,
जिथे वळतो तिथे इमारतही वळली, अकरा अंश.
साहेब म्हणाले, काटकोन सोडू नकोस, खर्च वाढेल.
खर्च वाढला.
पाणी आधी पिण्याचं, मग वुजूचं, मग धुण्याचं, मग खजुरीचं,
त्या रांगेत मधे घुसायची आमची छाती नव्हती.

मातीचं काम म्हाताऱ्या मुबारकचं,
हाताखाली बारिसालचा तोफज्जल.
एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही.
पहिल्या दिवशी मुबारकने ओल्या मातीची वळकटी केली
आणि बोटांवरून लोंबकळत सोडली, तुटते का बघायला.
तोफज्जलने न सांगता दुसरी वळली.
त्याच्याकडे दर पुरानंतर जोतं पुन्हा घालावं लागतं.
दोन्ही वळकट्या वाऱ्यावर हलत राहिल्या,
मुबारक हसला, त्याला एक दात होता.

बाहेर, पूर्वेच्या सावलीत, पाटाच्या कडेने
एक लांब ओटा आला. माझ्या नकाशात पंचेचाळीस सेंटिमीटर.
तोफज्जलने टेप बाजूला ठेवून दोन वीत मोजल्या
आणि मुबारकच्या गुडघ्याकडे बघून
चार बोटं कमी केल्या.
मी काही बोलले नाही. नकाशा दुरुस्त केला.

नगरपालिकेचा फॉर्म मात्र अडला.
खोली क्रमांक नाही, दार नाही, मग हे काय?
उपयोग : बसणे.
वापरणाऱ्यांची संख्या, वर्गवारीसह :
मी खलफानना फोन लावला.
बकऱ्या ओरडत होत्या, त्यांना दोनदा विचारावं लागलं.
लिही, म्हणाले, जो येईल तो.
त्या रकान्यात फक्त आकडा चालतो.
मी शून्य टाकलं, आणि कुणीच हरकत घेतली नाही.

फेब्रुवारीत पाहणीला गेले.
आत लग्नाची बोलणी चालू होती, दाराशी चपलांचा ढीग.
बाहेर ओट्यावर सात मजूर कंपनीच्या बसची वाट बघत,
मधे कॉफीचा दल्ला, खजुराच्या बियांची वाटी.
तोफज्जल पाठ टेकून बसला होता
स्वतःच लिंपलेल्या भिंतीला.
लिंपणात त्याची बोटं अजून दिसत होती.
सरकला थोडा, मला जागा केली.
उंची बरोबर होती. पाय नीट टेकले.

बस आली, हॉर्न वाजला.
ते उठले, पाटावर हात धुतले, निघाले.
ओटा कोपऱ्यापर्यंत रिकामा,
सावली अजून घाफपर्यंत पोचायची होती.